‘येस्टरडे’, त्याची असंख्य कव्हर आणि सातव्या बारचा प्रश्न

पेटीवाला_धरमपेठ:

नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्या घरगुती गानमंडळात एकाच गाण्याची वेगवेगळी रूपे ऐकण्याची आणि गाण्याची एक संध्याकाळ ठरली आहे. एरवी आम्ही हिंदी किंवा मराठी गाणे घेतो. या वेळी मी बीटल्स या ब्रिटिश गायक-वादकांच्या बँडचे ‘येस्टरडे’ सुचवले आणि मंडळाने ते मान्य केले. गेले तीन आठवडे या गाण्याची मिळतील तेवढी कव्हर, म्हणजे इतर कलावंतांनी गायलेली रूपे, ऐकतो आहे, आणि ऐकता ऐकता मनात पक्का झालेला एक प्रश्न जाणकारांपुढे ठेवावा म्हणून हा धागा काढत आहे.

आधी या गाण्याशी माझी ओळख कशी झाली ते सांगतो, कारण प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. मी कॉलेजात असताना मोठ्या भावाने नागपूरच्या सीताबर्डीवरून या गाण्याची एक कॅसेट आणली होती. मे महिन्यातल्या दुपारी, कूलरच्या वाळ्याचा वास खोलीभर पसरलेला असताना, आम्ही दोघे ती ऐकत असू. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा उन्हाळ्याने सैल झाला होता, त्यामुळे गाणे किंचित संथ आणि खालच्या पट्टीत वाजे. पेटीवर मी स्वर शोधले तेव्हा ते पांढरी तीनमध्ये, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी सा धरून, सापडले, आणि पुढे कित्येक वर्षे हे गाणे पांढरी तीनचेच आहे अशी माझी समजूत होती. मूळ ध्वनिमुद्रण पांढरी चारमध्ये आहे. विशेष म्हणजे हे गाणे रचणारे आणि गाणारे बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनीही गिटारच्या सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवल्या होत्या आणि बोटे पांढरी पाचच्या कॉर्डांवर ठेवून ते वाजवत होते. उतरवलेली तार सैल राहते, तिचा आवाज मऊ आणि थोडा जाडसर येतो. नेहमीच्या मेळावर एफचा, म्हणजे पांढरी चारचा, कॉर्ड एका बोटाने सगळ्या तारा आवळून धरणाऱ्या वादकाला तो मऊपणा मिळत नाही, आणि बहुतेक कव्हर इथेच पहिली गोष्ट हरवतात.

आता चाल पाहा. पहिला शब्द रे-सा-सा असा उतरतो. त्यानंतरची ओळ गांधारापासून चढते, पंचमाला स्पर्श न करता तीव्र मध्यमावरून कोमल धैवतावर जाते, तिथून लगेच शुद्ध धैवत, निषाद, वरचा षड्ज, आणि परत फिरून शुद्ध धैवतावर विसावते. पेटीवर ही ओळ वाजवताना सुरुवातीला बोटे अडखळतात. मात्र त्या धैवतालाच षड्ज मानले, म्हणजे पांढरी दोन हा सा धरला, की तीच ओळ प, ध, नी, सा, रे, कोमल ग, रे, सा अशी सरळ उलगडते आणि माझ्या कानाला तिथे पटदीप रागाची सावली जाणवते. आपल्याकडच्या श्रोत्याला हे गाणे पहिल्याच ऐकण्यात जवळचे वाटते, त्याचे एक कारण मला हे वाटते.

माझा मुख्य मुद्दा मात्र बारांच्या मोजणीचा आहे. बार म्हणजे मात्रांचा एक गट, इथे चार मात्रांचा. पाश्चात्त्य सुगम गाण्याचे कडवे बहुधा आठ बारचे असते. ‘येस्टरडे’चे कडवे सात बारचे आहे. ओळ संपते, कान ज्या आठव्या बारची वाट पाहतो तो येतच नाही आणि पुढचे कडवे सुरू होते. मी ज्या ऑर्केस्ट्रात काही वर्षे कीबोर्ड वाजवला, तिथला गिटारवादक दरवेळी त्या जागी एक बार जास्त वाजवत असे. मलाही ते बरोबरच वाटे, म्हणून मी त्याला कधी थांबवले नाही. पुढे मूळ गाणे बोटांवर मोजले तेव्हा कळले की आम्ही वर्षानुवर्षे गाण्याला एक बार जोडत आलो होतो, आणि त्या जोडलेल्या बारमुळे त्यातली सगळी अस्वस्थता निघून जात होती. ज्याचे काहीतरी अर्ध्यावर तुटले आहे तो माणूस गातो आहे, आणि आम्ही त्याला नीट श्वास घ्यायला लावत होतो.

गिनीजच्या नोंदीत १९८६ पर्यंतच या गाण्याच्या सोळाशेहून अधिक आवृत्त्या मोजलेल्या आहेत. एवढ्या गळ्यांतून गेलेल्या गाण्याचे कोणते कव्हर टिकते आणि कोणते पडते? माझे मत असे की ते सातव्या बारपाशी ठरते. ज्याने तिथली पोकळी तशीच राहू दिली त्याचे गाणे उभे राहते, आणि ज्याने ती हरकतींनी किंवा व्हायोलिनांच्या लाटेने भरली त्याचे गाणे कितीही सुरेल असले तरी मनात राहत नाही. आपली मते वाचायला उत्सुक आहे.

सदरची_सोप्रानो:

पेटीवाला काका, आपल्या मताशी मी सहमत आहे, परंतु पोकळीचा विचार मी स्वरांच्या बाजूने करते. सदर भागातल्या आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, मी बावीस वर्षे गाते आहे आणि हे गाणे आम्ही चार आवाजांत अनेकदा बसवले आहे.

मूळ ध्वनिमुद्रणात बीटल्सपैकी एकटे मॅकार्टनीच आहेत. ड्रम नाहीत, दुसरी गिटार नाही. १४ जून १९६५ रोजी त्यांनी लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत गिटार आणि आवाज मुद्रित केला आणि तीन दिवसांनी त्यावर दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चौकडी चढवण्यात आली. तंतुवाद्यांची कल्पना निर्माते जॉर्ज मार्टिन यांची होती. मॅकार्टनी आधी बिचकले, कारण मोठ्या वाद्यवृंदाचा गुळचट गोडवा त्यांना गाण्यावर नको होता. मार्टिन यांनी म्हणूनच चारच वाद्ये सुचवली, आणि मॅकार्टनींनी वादकांना स्वर हलवू नका, सरळ धरा, अशी विनंती केली. तरबेज वादकाचे डावे बोट तारेवर आपोआप थरथरते, ते आवरणे सोपे नसते. आमच्या क्वायरमध्येही तेच होते. लांब स्वर आला की गळा सवयीने हलू लागतो, आणि आमचे मास्टर हात वर करून सगळ्यांना थांबवतात. एका रविवारी केवळ पहिल्या शब्दाचा शेवटचा सा सरळ धरण्यात आमची पाऊण तास तालीम गेली होती.

आणखी दोन जागा अवश्य ऐकाव्यात. मधल्या अंतऱ्याच्या दुसऱ्या खेपेला चेलो एक कोमल निषाद घेतो. तो मॅकार्टनींच्या आग्रहामुळे आला आहे, आणि शिस्तीत चाललेल्या चौकडीत तेवढाच एक स्वर रस्ता सोडून आल्यासारखा वाटतो. शेवटच्या कडव्यात पहिले व्हायोलिन एक उंच स्वर धरून ठेवते आणि खाली गाणे चालू राहते. हे दोन स्वर सोडले तर चौकडी कुठेही स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही.

कव्हरांपैकी बॉइज टू मेन या अमेरिकन गायकवृंदाचे १९९४ चे रूप आम्ही क्वायरवाले पुन्हा पुन्हा ऐकतो, कारण त्यात वाद्य एकही नाही. एकमेकांत बसलेले चार आवाज कसे असावेत हे शिकण्यासाठी ते फार मोलाचे आहे. तरीही मन लावून ऐकले की जाणवते, त्यात प्रत्येक रिकामी जागा कोणाच्या तरी सुंदर आवाजाने भरलेली आहे. मूळ गाण्यातला माणूस एकटा आहे, आणि इथे त्याच्या सोबतीला तिघे उभे आहेत.

ठेका_महाल:

मी तबला वाजवतो. सात बारचा मुद्दा वाचला आणि लगेच ठेका लावून पाहिला. जे आढळले ते इथे मांडतो.

सात बार म्हणजे प्रत्येकी चार मात्रा धरून अठ्ठावीस मात्रा. सात हा आकडा पाहून कोणी सात मात्रांचा रूपक ताल सुचवील, परंतु तो मोह टाळावा. अठ्ठावीस मात्रांत रूपकाची चार आवर्तने हिशेबाने बसतात, पण गाण्याचा तोल चार-चार मात्रांचाच आहे आणि रूपकात शब्द भलत्याच ठिकाणी पडतात. हे गाणे आठ मात्रांच्या कहरव्याचेच आहे. कहरव्यात अठ्ठावीस मात्रा म्हणजे साडेतीन आवर्तने होतात. पहिले कडवे समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू झाले तर दुसरे कडवे खालीवर, म्हणजे आवर्तनाच्या मधोमध, सुरू होते. ऐकणाऱ्याला खाली-भरीचे ज्ञान नसले तरी पाऊल चुकल्यासारखे त्याला जाणवते. दुसरे कडवे संपेपर्यंत एकूण छप्पन्न मात्रा, म्हणजे सात पूर्ण आवर्तने होतात, आणि मधला अंतरा नेमका समेवर येतो. तो अंतरा आठ बारचा, म्हणजे चार पूर्ण आवर्तनांचा आहे. ती का गेली असे तो माणूस जिथे विचारतो तिथेच गाण्याची जमीन पायाखाली सपाट आहे, आणि जिथे तो फक्त आठवत असतो तिथे ती सरकते. अंतऱ्यानंतरचे तिसरे कडवे समेवर येते, पण तेही साडेतीन आवर्तनांचे असल्यामुळे दुसऱ्या खेपेचा अंतरा मात्र खालीवर पडतो. पहिल्या वेळी प्रश्न विचारताना मिळालेला आधार दुसऱ्या वेळी मिळत नाही.

म्हणूनच काका, आपल्या कार्यक्रमात या गाण्याला तबला लावू नये असे माझे, एका तबलजीचे, स्पष्ट मत आहे. ठेका वाजला की सम दिसते, आणि सम दिसली की दुसरे कडवे खालीवर आले ही चूक वाटू लागते. बीटल्सनी ड्रम बाजूला ठेवले हे योग्यच केले.

वाचक_रामदासपेठ:

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु पोकळी राखली तर गाणे टिकते आणि भरली तर पडते, हा नियम मला मान्य नाही. त्याविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा अमेरिकन गायक रे चार्ल्स यांचा आहे.

त्यांनी हे गाणे १९६७ मध्ये मुद्रित केले. त्यात मोठा वाद्यवृंद आहे, म्हणजे मॅकार्टनी ज्याला भ्याले ते सर्व आहे. गायक तर एकही ओळ सरळ सोडत नाही. आवाज फाटतो, शब्द मागे राहतो, मग धावत येऊन ओळीला गाठतो. पेटीवाला काकांच्या कसोटीवर हे कव्हर पडायला हवे होते. तरीही ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, आणि मूळ गाणे ऐकताना तो येत नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

याचे कारण शोधताना दोघांच्या आयुष्यातली एक गोष्ट समोर आली. मॅकार्टनींच्या आई मेरी १९५६ मध्ये वारल्या, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. गाणे लिहिताना हे त्यांच्या मनात नव्हते. ते प्रेयसीच्या जाण्याचे गाणे म्हणूनच लिहिले गेले. परंतु आपल्या नकळत ते आईविषयी असावे, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी बोलून दाखवले. रे चार्ल्स यांची आई १९४५ च्या वसंतात वारली, तेव्हा तेही चौदा वर्षांचेच होते. त्यांची दृष्टी त्याआधी, लहानपणीच गेली होती. मॅकार्टनी हे गाणे गायले तेव्हा तेवीस पूर्ण व्हायला त्यांना चार दिवस उरले होते, आणि रे चार्ल्स यांनी ते छत्तिशीत गायले. बावीस वर्षांच्या तरुणाने जे दुःख सभ्यपणे झाकून ठेवले तेच दुसऱ्याने उघडे केले. पोकळी त्यांनी भरली, हे खरे. पण ज्याच्याकडे त्या मापाचे काही आहे त्याने ती भरली तर मी त्याला दोष देणार नाही.

अमेरिकन गायक मार्विन गे यांचे १९७० च्या अल्बममधले रूपही या संदर्भात ऐकावे. ते सावकाश, स्वतःशी बोलल्यासारखे गातात आणि ओळींचे शेवट पाहिजे तसे लांबवतात. फ्रँक सिनात्रा यांनी १९६९ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हे गाणे घेतले, त्याच वर्षी लास वेगासच्या मंचावर एल्विस प्रेस्ली यांनीही गायले. या दोन्हींमध्ये मला गाण्यापेक्षा गायकाची ऐट अधिक ऐकू आली, म्हणून त्यांच्यावर अधिक लिहीत नाही.

पेटीवाला_धरमपेठ:

वाचकजी, रे चार्ल्स यांचे कव्हर मी आपला प्रतिसाद वाचून काल रात्री पुन्हा तीन वेळा ऐकले. माझा नियम मी ज्या शब्दांत मांडला त्या शब्दांत तो टिकत नाही, हे मान्य करतो. पण एक निरीक्षण नोंदवतो. ते ओळीच्या आत सर्व काही करतात, शब्द तोडतात, लांबवतात, मात्र ओळ संपल्यावर स्वतःला सावरायला अवकाश घेत नाहीत. दिलासा ते कुठेच देत नाहीत, आणि मला सातव्या बारविषयी जे म्हणायचे होते ते कदाचित हेच होते. मार्विन गे यांचे रूप मी यादीत घालतो. सिनात्रांबद्दल मात्र आपण घाई केली असे वाटते. त्यांची शब्दफेक एकदा शांतपणे, केवळ शब्दांसाठी ऐकावी.

ठेका_महाल यांचा साडेतीन आवर्तनांचा हिशेब वाचून मला जो आनंद झाला तो लिहून सांगता येत नाही. तबला राहणार नाही.

यादीत आणखी एक नाव आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये बीटल्सचे हे ध्वनिमुद्रण १९६५ मध्ये सिंगल, म्हणजे एकाच गाण्यासाठी विकली जाणारी तबकडी, म्हणून निघालेच नाही, केवळ अल्बममध्ये आले. अमेरिकेत ते त्याच वर्षी सप्टेंबरात सिंगल म्हणून निघाले आणि चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रिटनमधल्या सिंगलच्या यादीत मात्र त्या वर्षी पहिल्या दहांत गेले ते ब्रिटिश गायक मॅट मन्रो यांचे कव्हर, आणि त्याचे निर्मातेही जॉर्ज मार्टिनच होते. ते आठव्या क्रमांकापर्यंत चढले. बीटल्सचे स्वतःचे सिंगल तिथे १९७६ मध्ये निघाले आणि तेही आठव्याच क्रमांकापर्यंत पोचले. म्हणजे या गाण्याच्या बाबतीत कव्हर हे मूळ गाण्याच्या मागून चालत आलेले नसून जवळजवळ त्याच्या बरोबरीने निघालेले आहे.

कायदा_सिव्हिल_लाइन्स:

सोळाशे कव्हर निघण्यामागे चालीचे सामर्थ्य आहेच, परंतु कायद्याची एक वाटही आहे, तिचा उल्लेख इथे असावा असे वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर आपोआप वाजणारे पियानो घरोघरी होते. त्या गुंडाळ्या म्हणजे गाण्याची प्रत नव्हे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला. संगीतकारांचे त्यात नुकसान होते, म्हणून १९०९ च्या कायद्याने त्यांना हक्क दिला. मात्र एखाद्याच कंपनीने सगळी गाणी विकत घेऊन बाजार अडवू नये, यासाठी त्यासोबत एक अट घातली. संगीतकाराने एकदा कोणालाही ध्वनिमुद्रणाची परवानगी दिली की त्यानंतर ठरावीक मोबदला भरून ते गाणे कोणीही मुद्रित करू शकेल. तो मोबदला सुरुवातीला प्रतीमागे दोन सेंट होता. रे चार्ल्स असोत वा बॉइज टू मेन, त्यांच्या देशात ही वाट त्यांच्या जन्माआधीपासून मोकळी होती.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात अशी तरतूद होती आणि कॅसेटच्या काळात त्याच आधारावर जुन्या गाण्यांची नव्या आवाजांतली ध्वनिमुद्रणे मोठ्या प्रमाणावर निघाली. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१सी आले आणि नियम कडक झाले. मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते. दरवर्षी किमान पन्नास हजार प्रतींचा मोबदला भरावा लागतो. वेष्टनावर हे कव्हर असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला कोणताही बदल शब्दांत वा चालीत करता येत नाही. या अखेरच्या अटीचा अर्थ कलावंतांनी नीट समजून घ्यावा, कारण कव्हराचा जीव बदलातच असतो.

पेटीवाला काकांच्या संध्याकाळीबाबत काळजी नसावी. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्याने सूट आहे. मात्र त्याचे ध्वनिमुद्रण काढून प्रसिद्ध करायचे झाल्यास ही सूट लागू होत नाही, तेव्हा परवानगी घ्यावी लागेल.

शब्दवेडी_प्रतापनगर:

पेटीवाला काकांनी मला या गाण्याचे मराठी शब्द करून पाहायला सांगितले आहे, म्हणून माझी अडचण इथे मांडते. कायदेतज्ज्ञांचा इशारा वाचला आहे. हे शब्द त्या एका संध्याकाळपुरतेच आहेत.

चाल मॅकार्टनींना लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात झोपेतून उठताना सुचली. पलंगाशेजारी पियानो होता, त्यावर त्यांनी ती लगेच वाजवून पाहिली. ती इतकी पूर्ण होती की आपण ती कुठेतरी ऐकलेलीच असणार या शंकेने ते पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला वाजवून दाखवत, ही तुझ्या ओळखीची आहे का, असे विचारत राहिले. शब्द नव्हते, म्हणून तोवर चालीवर ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ हे शब्द बसवले होते. आपल्याकडे संगीतकार कवीला चाल देताना डमी शब्द देतात, तशातला हा प्रकार. मे १९६५ मध्ये पोर्तुगालमधल्या एका लांब मोटारप्रवासात त्यांना खरे शब्द सापडू लागले. अंड्यांचे ते दोन शब्द आणि ‘येस्टरडे’ यांचे माप एकच आहे, तीन अवयव, म्हणजे उच्चाराचे तीन तुकडे, आणि तिसऱ्यावर थांबायला जागा. दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्दही त्याच मापाचा आहे.

मराठीत ‘काल’ हा शब्द एका झटक्यात संपतो. रे-सा-सा या तीन स्वरांपैकी पहिल्यावरच तो सांडून जातो. ‘कालचे’ घेतले तर दोनच अवयव होतात. ‘कालचा दिन’ मला शाळेच्या कवितेसारखे वाटले. चार दिवस मी अंबाझरीला सकाळी फिरताना हे तीन स्वर गुणगुणत होते, आणि पाचव्या दिवशी ‘कालवरी’ सुचले. उच्चारात ते काल्-व-री असे तीनच अवयवांचे होते, आणि दीर्घ री नेमकी लांब षड्जावर येते. अर्थ थोडा सरकतो हे मला ठाऊक आहे. ‘काल’ऐवजी ‘कालपर्यंत’ असा तो होतो. पण गाण्याचे म्हणणे तरी काय आहे? कालपर्यंत सारे ठीक होते, हेच ना.

दुसऱ्या कडव्यासाठी ‘अचानक’ घेऊन पाहिले, परंतु त्याचा जोर मधल्या ‘चा’वर आहे आणि शेवटचा ‘नक’ बंद होतो, तिथे स्वर धरता येत नाही. मग ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतला ‘अवचिता’ आठवला. अव-चि-ता. दोन लहान आणि शेवटचा मोकळा आकार. तो सापडला तेव्हा मी रस्त्यातच थांबले. विरहिणीत जो येतो तो अवचिता येतो. इथे जी गेली ती अवचिता गेली, आणि का गेली हे तिथेही इथेही सांगितलेले नाही.

माझ्या एका मैत्रिणीने याचे हिंदी करून पाहिले होते. तिची अडचण वेगळी होती. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. गाण्याचा पहिलाच शब्द उच्चारला की ऐकणारा क्षणभर मागे पाहावे की पुढे या संभ्रमात पडतो, आणि क्रियापद येईपर्यंत ते उलगडत नाही. मराठीने काल आणि उद्या वेगळे ठेवले आहेत, याचे महत्त्व मला या गाण्यामुळे प्रथमच जाणवले. या गाण्यात उद्याला जागाच नाही.

सदरची_सोप्रानो:

शब्दवेडी ताई, ‘कालवरी’ मी आत्ताच गाऊन पाहिले. ‘काल्’मधला ल बंद होतो तिथे स्वर तुटण्याची भीती वाटत होती, परंतु ल असा वर्ण आहे की त्यावर सूर चालू राहतो. जीभ टाळूला लागलेली असतानाच रे वरून सा वर उतरता येते. ‘अवचिता’ तर मूळ शब्दापेक्षाही गळ्याला सोपा आहे. मूळ इंग्रजी शब्द तिथे ईकारावर संपतो आणि लांब धरताना गळा आवळतो. आकाराने तो मोकळा राहतो. एकच विनंती आहे, शेवटच्या कडव्यात पहिला शब्द ‘कालवरी’च ठेवावा. मुळातही तो तोच परत येतो.

वाचक_रामदासपेठ:

‘अवचिता’ वाचून फार बरे वाटले. या एका शब्दासाठी मी कार्यक्रमाला येईन.

पेटीवाला_धरमपेठ:

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी पहिली तालीम झाली, तिचा वृत्तान्त देतो.

क्रम असा ठरला आहे. आधी मूळ ध्वनिमुद्रण, मग मॅट मन्रो, मग रे चार्ल्स आणि मार्विन गे लागोपाठ, त्यानंतर बॉइज टू मेन, आणि शेवटी शब्दवेडी ताईंचे मराठी शब्द सोप्रानो ताईंच्या आवाजात, साथीला एक गिटार आणि माझी पेटी. ठेका_महाल श्रोत्यांत बसणार आहेत. त्यांनी तालमीत मांडीवर हाताने मात्रा धरल्या होत्या आणि दुसऱ्या कडव्याला हात उलटा करून आम्हाला खाली दाखवली. गिटारवादक मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याला सात बार एकदाच सांगितले आणि तो एकदाही चुकला नाही. पेटी मी फक्त अंतऱ्यात धरणार आहे, आणि दुसऱ्या खेपेला चेलोचा तो कोमल निषाद मंद्र सप्तकात एकदाच लावून सोडून देणार आहे.

तालमीला माझे मोठे भाऊ आले होते, तीच कॅसेट आणणारे. त्यांना या धाग्याची किंवा पट्टीच्या गोष्टीची काहीही कल्पना नव्हती. आम्ही मूळप्रमाणे पांढरी चारमध्ये गायलो. संपल्यावर ते म्हणाले, “छान झाले, पण हे थोडे वर लागले आहे. आपले खाली होते.” टेपरेकॉर्डरचा सैल पट्टा त्यांच्याही कानात तसाच राहिला होता. सोप्रानो ताईंना विचारले, त्यांना अर्धा स्वर खाली अधिकच सोयीचे होते. मुलाने गिटारच्या आधीच उतरवलेल्या तारा आणखी अर्धा स्वर उतरवल्या. आता जाड तार पडद्यावर किंचित झणझणते, ती तशीच राहू द्यायची असे आम्ही सर्वांनी ठरवले आहे. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पांढरी तीनमध्येच गाणार आहोत.